गोळी नेमकी कशासाठी, हे आधी विचारा

पत्नीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावनांवर ताबा ठेवणे अवघड करणारा मानसिक विकार) असल्याचे निदान होऊन आठ महिने झाले, चार औषधे चालू आहेत, तरीही संतापाचे झटके आणि स्वतःला इजा करून घेणे थांबलेले नाही, तेव्हा याहून प्रभावी औषध कोणते, असे आपण विचारले आहे. माझ्या पत्नीच्या निदानाला अकरा वर्षे झाली. मी डॉक्टर नाही. नवरा म्हणून जे शिकलो तेवढेच लिहितो.

ज्या औषधाच्या शोधात आपण आहात, ते अजून अस्तित्वात नाही. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने खास या विकारासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, आणि ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत केवळ या विकारासाठी औषधे देऊ नयेत, असेच सांगितले आहे. सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असेल, तर त्यावर मात्र औषध जरूर द्यावे लागते. माझी पत्नी दोन वर्षे लॅमोट्रिजिन हे मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे औषध घेत होती. पुढे २०१८ मध्ये २७६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले आणि वर्षभराच्या उपचारानंतरही त्या गोळीत आणि औषध नसलेल्या गोळीत फरक आढळला नाही, हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसून होतो.

म्हणून पुढच्या भेटीत चारही गोळ्यांबद्दल एकेक करून विचारा की ही कोणत्या लक्षणासाठी आहे, तिचा उपयोग होतो आहे हे कशावरून ठरवायचे आणि ती कधी बंद करायची. आम्ही हे विचारले, तेव्हा दोन गोळ्या केवळ जुन्या चिठ्ठीवरून पुढे चालत आल्या होत्या, असे निघाले. परंतु स्वतःच्या मनाने एकही गोळी एकदम थांबवू नका. लॅमोट्रिजिनमध्ये काही दिवसांचा खंड पडला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्वीचा डोस पुन्हा देऊ नका, आणि अंगावर पुरळ दिसले तर त्याच दिवशी त्यांना कळवा. अल्प्राझोलामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्यांनी या विकारात काहींचा स्वतःवरचा ताबा उलट सुटतो. आमच्याकडे तसेच झाले होते. पत्नी स्वतःला इजा करून घेत असताना घरात महिन्याभराचा साठा ठेवणे धोक्याचे आहे, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून, तिला सांगून, आठवड्यापुरत्याच गोळ्या आणा. जिवाला धोका वाटला, तर येथील उत्तराची वाट न पाहता तिला तातडीने रुग्णालयात न्या.

खरा आधार गोळ्यांचा नव्हे, तर संवादातून होणाऱ्या मानसोपचाराचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती स्वतःला इजा करण्याच्या प्रवृत्तीवरच काम करते. आपल्या पत्रात या थेरपीचा उल्लेखही नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटली.

आणखी एक गोष्ट, माझ्या चुकीतून आलेली. पत्नी चिडली की मी विचारत असे, "आज गोळी घेतलीस का?" एका रात्री तिने गोळ्यांची पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मोज. आणि मोजून झालं की माझं ऐक." मी तिच्या आईच्या आजारपणाबद्दल तिला न विचारता निर्णय घेतला होता आणि तिचा राग त्याचा होता. त्या रात्रीपासून भांडणाच्या वेळी मी गोळीचा विषय काढलेला नाही. औषधांचे बोलणे रविवारी सकाळी, दोघे शांत असताना करतो.