कोकरू अंग धरत नसेल तर आधी मेंढीची पाठ चाचपा

भातकापणी उरकली की घाटावरचे धनगरवाडे रायगडात उतरतात. पेण, रोहा, माणगावच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या रात्री खताला बसतात, म्हणजे त्यांच्या लेंड्यांचे खत शेताला मिळते, आणि याच मुक्कामात पुष्कळ मेंढ्या वितात. या पंधरवड्यात आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे इथे देतो. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तीच अडचण मला वाड्यावाड्यांवर दिसते आहे.

फलटणकडून येऊन माणगाव तालुक्यात उतरलेले एक मेंढपाळ विचारतात : "साहेब, एकशे वीस मेंढरं हायत. तीसेक व्याल्यात. कोकरं तीन आठवड्यांची झाली तरी अंग धरीनात. मेंढरांची पोटं तर भरलेली दिसत्यात. गाईचं दूध इकत आणून बाटलीनं पाजतोय, तर हगवण लागली. टॉनिक कुठलं द्यावं?"

दादा, टॉनिकावर पैसे घालू नका. परवा सकाळी मी तुमच्या वाड्यावर आलो होतो. कोपऱ्यातल्या काळ्या मेंढीखाली तिचे कोकरू प्यायला लागले तेव्हा मी तिथेच उभा होतो. एका सडाला लागले, डोक्याने कासेला दोन धडका दिल्या, सड सोडला, दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा धडका. तोवर मेंढी पाय काढून पुढे निघून गेली. कोकरू पाठीला बाक काढून ओरडत राहिले. पोटभर प्यालेले कोकरू अंग ताणते आणि आडोशाला झोपते. हे उपाशी होते.

मग त्या मेंढीच्या कमरेवर हात ठेवला. लोकरीवरून ती बरी दिसत होती, पण लोकर फसवते. लोकरीत बोटे घालून शेवटच्या बरगडीच्या मागे कणा चाचपला तर मणक्यांची टोके एकेक करून मोजता येत होती. पोट फुगलेले आणि पाठीवर मांस नाही. तुमच्या व्यालेल्या मेंढ्यांतल्या निम्म्याअधिक मला तशाच लागल्या.

पोट भरते आहे ते कशाने? डोंगरावरचे करड गवत आता वाळून काडी झाले आहे, खाचरात भाताची धसकटे आहेत. या दोन्हींत प्रथिने शेकडा तीन-चारच्या आसपास. पाजत्या मेंढीचे त्यावर भागत नाही. व्यायल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मेंढीचे दूध सर्वात जास्त असायला हवे. त्याच वेळी तिला बाहेरून मिळत नसेल तर ती आधी अंगावरचे मांस झिजवून दूध देते, आणि तेही संपले की दूध आटवते.

हिशेब साधा आहे. कोकराचे वजन एक किलो वाढायला मेंढीचे साधारण पाच लिटर दूध लागते. दिवसाला शंभर ग्रॅम वाढ हवी तर अर्धा लिटर दूध त्याच्या पोटात गेले पाहिजे. पहिल्या महिन्यात कोकराचे रवंथाचे पोट तयार झालेले नसते, त्यामुळे ही कसर चाऱ्याने भरून निघत नाही. गाईच्या दुधानेही नाही. मेंढीच्या दुधात स्निग्धांश शेकडा सहा-सातच्या वर असतो, गाईच्या दुधात चारच्या आसपास. त्यात बाटली नीट न धुतलेली आणि दूध गार, म्हणजे हगवण ठरलेलीच. कोकरू पोरकेच असेल तर दुसऱ्या मेंढीला लावून बघा. नाहीच जमले तर म्हशीचे दूध कोमट करून, थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा पाजा.

आता खुराक. एकशे वीस मेंढ्यांना खुराक परवडणार नाही हे मला कळते, आणि त्याची गरजही नाही. व्यायल्यापासून आठ आठवड्यांच्या आतल्या, त्यातही पहिलारू, जुळ्यांच्या आणि पाठीला हाड लागणाऱ्या मेंढ्या संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वेगळ्या काढा. तुमच्याकडे त्या पंचवीस-तीस भरतील. मिश्रण दहा किलोचे सांगतो : मक्याचा भरडा ४ किलो, शेंगदाणा पेंड ३ किलो, भाताचा कोंडा २ किलो ७०० ग्रॅम, मेंढ्यांसाठीचे क्षार मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. एक कोकरू असलेल्या मेंढीला दिवसाला २५० ग्रॅम, जुळी असतील तर ४०० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ वाटून. सुरुवात मात्र ५० ग्रॅमने करा आणि दहा दिवसांत पूर्ण मापावर या. एकदम दाणा वाढवला की आंत्रविषार होतो, म्हणजे आतड्यात विष तयार होते, आणि संध्याकाळी धडधाकट असलेले जनावर सकाळी मेलेले सापडते. पेंड विकत घेताना फोडून वास घ्या. इकडच्या दमट हवेत शेंगदाणा पेंडीला लवकर बुरशी धरते. बुरशीची पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिचे विष यकृतावर जाते आणि दुधातही उतरते.

जुळ्यांचे जरा जास्त सांगतो, कारण तुमच्या कळपात नारी सुवर्णाचे रक्त आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणला, तीच ही जात. जुळी पाजणारी मेंढी एकाच्या आईपेक्षा जास्त दूध देते, पण दुप्पट देत नाही. खुराक नसेल तर जुळ्यांतले एक हमखास मागे पडते. ते कोकरू तुमच्या नजरेतून सुटत नाही, खुराकाची वेळ मात्र सुटते.

दुसरी गोष्ट पैसे न लागणारी आहे. तुमच्या मेंढ्या आठला चरायला निघतात, सहाला परततात, आणि कोकरे दिवसभर जाळीत. दहा तासांचा हा उपास तीन आठवड्यांच्या जिवाला झेपत नाही. सुटताच ते अधाशासारखे पिते आणि त्यानेही पोट बिघडते. लहान कोकरांच्या मेंढ्या वाड्याजवळच्या खाचरांत चारा आणि दुपारी एकदा सावलीला आणून पाजा. दुपारच्या दमट उन्हात त्या तशाही चरत नाहीत. पाणी पुढ्यात ठेवा. पाजत्या मेंढीला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागते, आणि पाण्याविना दूध नाही.

दोन आठवड्यांनंतर कोकरांना वेगळा खुराक सुरू करा. फक्त कोकरू शिरेल एवढी फट ठेवून कोपरा अडवा आणि आत मक्याचा बारीक भरडा व पेंड मूठ-मूठ ठेवा. त्यात कोंडा घालू नका. कोंड्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी, त्याने नर कोकरांना मुतखडा होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गोठ्याला स्वस्तात भागेल म्हणून कोंडाच सुचवला होता. लघवी तुंबून तिथले दोन नर मेले. तेव्हापासून ही सूचना मी प्रत्येक वेळी देतो.

ज्या अजून व्यायच्या आहेत त्यांची काळजी आजपासून घ्या. गाभण काळ पाच महिन्यांचा, पण पोटातल्या कोकराची शेकडा सत्तर वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते आणि कासही तेव्हाच तयार होते. या दिवसांत २०० ग्रॅम खुराक दिलात तर कोकरू अडीच-तीन किलोचे होईल. व्यायल्यावर पहिल्या तासात चीक मिळालाच पाहिजे. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसभरात किमान ३०० मिली. एक दिवस उलटला की चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात जात नाहीत. सडाच्या टोकाला चिकट बूच असते, पहिली धार हाताने काढून ते मोकळे करा. कास गरम, कडक आणि एका बाजूला लाल दिसली तर ती दगडी, म्हणजे कासेची सूज, आहे, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. १९६२ या क्रमांकावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते.

खुराक देऊनही आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही तर जंत बघा. खाचरात जिथे ओल टिकते तिथे गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातले चपटे जंत मेंढीत जातात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली, पापणीची आतली बाजू पांढरी पडली, तर संशय पक्का. व्यायच्या सुमारास मेंढीच्या लेंडीत इतर जंतांची अंडीही वाढतात. पाच-सहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या पिशवीत घालून दवाखान्यात आणा. गोल जंतांचे औषध चपट्यांवर चालतेच असे नाही, म्हणून तपासल्याशिवाय पाजू नका.

दुसरा प्रश्न रोह्याच्या ताईंचा : "आठ शेळ्या आणि सहा मेंढ्या एकाच गोठ्यात आहेत. पेंढा भरपूर आहे. पेंढ्यावरच भागेल का?"

ताई, नुसत्या पेंढ्यावर नाही. बांधावरचा गिरीपुष्पाचा पाला अर्धा दिवस सुकवून द्या. ताज्याच्या वासाने जनावर तोंड फिरवते, सुकला की खाते. परसातला फणसाचा, पांगाऱ्याचा पाला द्या. घाणेरीपासून मात्र सांभाळा, ती विषारी आहे. पेंढ्याला युरियाची प्रक्रिया करता येते : १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून प्लास्टिकने हवाबंद झाकायचा आणि २१ दिवसांनी उघडायचा. दिवसाचा पेंढा आदल्या रात्री पसरून उग्र वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना हा पेंढा नको. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका, त्याने तासाभरात जीव जातो. आणखी एक, क्षार मिश्रण वेगवेगळे घ्या. गाई-शेळ्यांच्या मिश्रणात तांबे असते, शेळीला ते पचते, मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि पुढे विषबाधा होते.

तिसरा प्रश्न पेणच्या भातशेतकऱ्याचा : "माझ्या खाचरात मेंढ्या बसवल्यात. पैसे ठरल्याप्रमाणे देतोच. चाराही द्यावा का?"

काका, वालाची झोडणी झाली की पाला आणि शेंगांची टरफले बांधावर पडून राहतात, पुष्कळ जण ती जाळतात. तो भुसा पेंढ्यापेक्षा कितीतरी सरस आहे आणि पाजत्या मेंढ्या तो आवडीने खातात. तो त्या मेंढपाळांना द्या. विहिरीवर पाणी भरू द्या. आणि खाचरात शेवटची फवारणी कधी, कशाची केली होती, तेवढे त्यांना पहिल्या दिवशीच सांगा.