मिसिसिपी आटली म्हणजे ट्रकवाल्यांची चांदी होते का?

अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीतली मालवाहतूक अडली तर तोच माल ट्रक आणि रेल्वेकडे येईल, मग या दोघांचा फायदाच नाही का, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यात माझ्या दोन दहाचाकी गाड्या आहेत आणि ‘नदी’ऐवजी ‘रेल्वे’ म्हटले तर हेच वाक्य मी 2022 पासून माझ्या साडभाऊंच्या तोंडून ऐकत आलो आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

माल तसाच्या तसा दुसरीकडे जात नाही, कारण तो घ्यायला दुसरीकडे जागाच नसते. मिसिसिपीवरचा एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) साधारण 1,360 टन धान्य नेतो आणि असे पंधरा बार्ज एकत्र बांधून एकच बोट ते ढकलते. आपल्या दहाचाकीत अठरा टन धरले तर त्या एका खेपेला अकराशेहून अधिक गाड्या लागतील. ऑक्टोबर 2022 मध्ये, ऐन सोयाबीनच्या काढणीत, तिथे पाणी इतके उतरले की बार्ज कमी भरावे लागले, एका बोटीमागचे बार्जही कमी करावे लागले आणि सेंट लुईसचे बार्जभाडे टनाला 100 डॉलरच्या वर गेले. त्याच सुमारास तिथल्या रेल्वे कामगारांच्या संपाची टांगती तलवार होती, म्हणजे डबे मागायचे तरी कोणाकडे? हजार किलोमीटर ट्रकने सोयाबीन नेणे कोणालाच परवडत नाही. मग काठावरच्या खरेदीदारांनी तेच केले जे आपल्याकडचा अडत्या करतो: वाढलेले भाडे शेतकऱ्याच्या भावातून कापले.

जर्मनीत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऱ्हाइन आटली. काउब येथील मापपट्टीवर पाणी तीस सेंटिमीटरच्या आसपास आले. (पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो, म्हणून बोटी चालल्या, पण अर्ध्याहून अधिक रिकाम्या.) सरकारला कोळसा आणि तेलाच्या गाड्यांना रुळांवर प्रवासी गाड्यांच्या आधी वाट देण्याचा हुकूम काढावा लागला. हे वाचून मला हसू आले, कारण एप्रिल-मे 2022 मध्ये आपल्याकडेही वीजकेंद्रांच्या कोळशासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या होत्या आणि बाकीच्या मालाला रेक (म्हणजे अख्खी मालगाडी) मिळणे कठीण झाले होते.

त्याच मे महिन्यात आमच्याकडे खताच्या रेकची वाट पाहणे चालले होते. एका दलालाने फोन करून सांगितले की रेक लागला की गाड्यांची मारामार होईल, भाडे दीडपट मिळेल, गाड्या आधीच आणून लावा. मी तुरीच्या दोन ठरलेल्या खेपा सोडल्या आणि गाड्या रेक पॉइंटवर, म्हणजे मालगाडी रिकामी होते त्या स्टेशनवर, नेल्या. रेक आला पाचव्या दिवशी, रात्री दोन वाजता, आणि आला तो सगळा सव्वीसशे टन एकदम. म्हणजे दीडशेच्या आसपास गाड्यांचा माल; उभ्या होत्या चाळीस-पंचेचाळीस, आणि हमाल त्याहूनही अपुरे. डेमरेज (डबे वेळेत रिकामे न केल्याचा रेल्वेचा दंड) लागू नये म्हणून पोती फलाटावर उतरवली, वर ताडपत्र्या टाकल्या आणि पुढचा दीड दिवस कोणाची गाडी आधी भरायची यावर भांडणे झाली. माझ्या दोन्ही गाड्यांना मिळून तीन खेपा मिळाल्या, भाडे खरोखरच दीडपट मिळाले, आणि प्रत्येक वेळी परत रिकामे यावे लागले. चार दिवस गाड्या उभ्या राहिल्याचे हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याची भरपाई, दलालाने "रेक उशिरा आला यात माझा काय दोष" म्हणून दिले नाही. चालकांचा भत्ता, डिझेल आणि बँकेचा हप्ता वजा जाता त्या महिन्यात माझ्या हाती नेहमीपेक्षा कमी पैसे आले. साडभाऊंचे कृषी केंद्र आहे. त्यांना फक्त दीडपट भाडे दिसले, आणि ते त्यांनी पोत्यामागे वसूलही केले.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की भाडे वाढणे आणि कमाई वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण ज्या रेल्वेकडे मोकळे डबे आणि मोकळा रूळ असतो तिला अशा वेळी चार पैसे नक्की मिळत असतील. ज्याच्या वीस गाड्या आहेत आणि ज्याला परतीचा माल ठरलेला आहे, त्याचाही हिशोब माझ्यापेक्षा निराळा निघेल, हेही मान्य करतो.

एक गंमत सांगतो. 1860 च्या दशकात इंग्रजांनी वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून पूर्व किनाऱ्यावर नेण्यासाठी प्राणहिता-वर्धेपर्यंत बोटी आणायचा घाट घातला होता. खडकांनी त्यांना दमवले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढे ते काम सोडून दिले गेले. त्यामुळे आमच्याकडे रेल्वे अडली की तिच्यामागे फक्त रस्ता उरतो, आणि रस्त्यावर मी.

आपण या धंद्यात येण्याचा विचार करत असाल तर हॉल्टिंगचा दर लिहून घेतल्याशिवाय गाडी रेक पॉइंटवर लावू नका, आणि नफा जाऊन-येऊन पूर्ण फेरीवर मोजा. साडभाऊंना मी त्या मे महिन्याची वही दोनदा दाखवली आहे. त्यांनी ती दोन्ही वेळा भाड्याच्या रकान्यापर्यंतच वाचली.