अरुंद भिंत आणि उभा दीपस्तंभ

(घरातल्या भिंती, चित्रं आणि फ्रेमा यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना परभणीचे एक जुने फ्रेमवाले उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. सेलूत यंदा आमचं घर बांधून झालं. पॅसेजमध्ये न्हाणीघराचं दार आणि मुलीच्या खोलीचं दार यांच्यामध्ये २२ इंचांची भिंत उरली आहे. पॅसेज साडेतीन फूट रुंद. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीच्या किल्ल्यावरचा दीपस्तंभ पाहिल्यापासून माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दुसरं काही सुचत नाही. मोबाइलवर दीपस्तंभांची कॅनव्हासवर छापलेली गमतीदार चित्रं दिसतात. कुठे मनोराच वाकडा, कुठे खिडकीत मांजर बसलेलं, कुठे पायथ्याशी दारापेक्षा मोठी फुलं. त्यातलं एक मोठं घ्यावं की तीन छोटी एकाखाली एक लावावीत? सासूबाईंचं म्हणणं निराळंच. "दुधना नदीकाठच्या माणसांना दीपस्तंभ काय करायचाय? त्यापेक्षा कॅलेंडर लावा."
— एक वाचक, सेलू

उत्तर : ताई, कॅलेंडर स्वयंपाकघरात लावा. दुधाचे आणि गॅसचे हिशेब लिहायला ते तिथे हाताशी हवं. या भिंतीवर चित्र लावा, आणि एकच लावा.

दोन दारांच्या चौकटींमध्ये उरलेली ही भिंत मी तीस वर्षांत इतक्या घरांत पाहिली की नव्या घरात शिरलो की आधी तीच शोधतो. कॉलम आल्यामुळे ती उरते. बहुतेक जण तिथे घरात आधीच असलेलं आडवं चित्र आणून टांगतात, म्हणजे धावणारे घोडे किंवा डोंगरामागचा सूर्य. आडवं चित्र दोन्ही चौकटींना जाऊन भिडतं आणि भिंत होती त्याहून आखडलेली दिसते. उभ्या भिंतीला उभी वस्तू हवी, आणि दीपस्तंभाइतकं उभं चित्र शोधून सापडायचं नाही.

त्याच्या आकारातही एक गोष्ट दडलेली आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापुढच्या एडिस्टन खडकावर जॉन स्मीटनने १७५९ साली जो मनोरा पुरा केला, त्याचा आकार त्याला ओक झाडाच्या बुंध्यावरून सुचला होता. खाली रुंद, वर निमुळता, म्हणजे लाटेचा मार बसला तरी बूड हलत नाही. पुढे जगभरच्या अनेक दीपस्तंभांनी हाच बांधा घेतला. तुमच्या भिंतीवर याचा फायदा असा की मनोरा वर जाईल तसा बारीक होतो आणि दोन्ही बाजूंना आभाळ मोकळं होत जातं. माणूस पॅसेजमधून जाताना त्याची नजर त्या मोकळ्या आभाळाकडे जाते. २२ इंचांत एवढी मोकळीक दुसऱ्या चित्रात मिळत नाही. म्हणून तीन छोट्या चित्रांना माझा नकार आहे. तीन चित्रं म्हणजे सहा आडव्या कडा. मनोऱ्यावर चढलेली नजर दर कडेशी अडखळते.

आता माप. चित्राची रुंदी भिंतीच्या निम्म्याहून थोडी जास्त ते पाऊण असावी. तुमच्यासाठी १२ बाय ३६ इंच उत्तम, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच इंच भिंत उरेल. मोठ्या माणसांच्या खोलीत मी चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर धरतो. इथे तसं करू नका. मध्य ५२ इंचांवर घ्या, म्हणजे चित्राची खालची कड ३४ इंचांवर येईल. सहा वर्षांच्या लेकराचे डोळे साधारण चाळीस-एक्केचाळीस इंचांवर असतात. तिला रोज समोर काय दिसणार? मनोऱ्याचं दार, पायऱ्या, पायथ्याची ती मोठी फुलं. म्हणून सगळी गंमत ज्याच्या खालच्या भागात आहे, तेच चित्र निवडा. मांजर अगदी वरच्या खिडकीत असेल तर ते तुम्हालाच दिसेल, तिला नाही. वर्षावर्षाने ती उंच होईल आणि एकेक खिडकी तिच्या डोळ्यांसमोर येत जाईल. हे मनात आलं आणि मला फार आनंद झाला, म्हणून लिहिलं.

वाकडा मनोरा खुशाल घ्या, पण तो कुठल्या बाजूला कलला आहे ते बघून घ्या. बंद भिंतीकडे कललेला मनोरा पडायला आल्यासारखा दिसतो. बैठकीच्या खोलीच्या, म्हणजे मोकळ्या बाजूला कललेला असेल तर तो आल्यागेल्याला वाकून बघतोय असं वाटतं. आणि एक, चित्र वाकडं असलं तरी चौकट ओळंब्यात हवी. दोन्ही बाजूंना दाराच्या सरळ चौकटी आहेत. पाव इंचाचा फरकही तिथे लगेच डोळ्यांत येतो. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधून सोडा.

पट्ट्यांबद्दल मुलीला एक सांगा. दीपस्तंभावरचे पट्टे शोभेसाठी नसतात. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा खलाशी रंगावरून मनोरा ओळखतात, आणि रात्री दिव्याच्या उघडझापीवरून, कारण प्रत्येक दिव्याची लय ठरलेली असते. मुंबईत कुलाब्याच्या टोकापुढे समुद्रात प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ आहे, १८७५ सालचा. त्याच्यावर लाल, पांढरे, काळे पट्टे आहेत. अमेरिकेतल्या केप हॅटरसच्या मनोऱ्यावर तर काळा-पांढरा पट्टा खालपासून वरपर्यंत पिळासारखा चढत जातो. तो १८७० सालचा. समुद्र जवळ सरकत आला म्हणून १९९९ साली तो अख्खा मनोरा उचलून जवळजवळ ८८० मीटर आत आणून ठेवला. चित्रात असा पीळ दिसला की लोकांना वाटतं, चित्रकाराने मनचं काढलं. तो खराच आहे. तिचे डोळे किती मोठे होतात बघा.

विकत घेताना दोन गोष्टी सोडू नका. साडेतीन फुटांच्या पॅसेजमध्ये चित्र कायम जवळूनच बघितलं जाणार, तेव्हा छपाई फुटलेली चालणार नाही. १२ बाय ३६ साठी मूळ फाइल निदान १८०० बाय ५४०० पिक्सेलची असावी. स्वतः छापून घेणार असाल तर दुकानदाराला हा आकडा सांगा. दुसरी गोष्ट आतल्या लाकडी चौकटीची जाडी. दीड इंचाची चौकट बैठकीत छान दिसते, पण पॅसेजमध्ये तिला बादली लागते, खांदा लागतो, धुण्याची टोपली लागते. पाऊण इंचाची घ्या. मात्र एवढी बारीक पट्टी ३६ इंच लांबीत वाकते, म्हणून मध्ये एक आडवी पट्टी मारलेली हवी. चित्र उलटं करून बघा, नसेल तर परत द्या. न्हाणीघराचं दार शेजारी आहे, त्यामुळे वाफ येणार. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. आणि पॅसेजमधला पांढराफटक दिवा काढून पिवळसर उजेडाचा लावा. पांढऱ्या उजेडात चित्रातल्या खिडक्यांचा पिवळा रंग मरतो, आणि दीपस्तंभाच्या चित्रात जीव त्या पिवळ्यातच असतो.

राहिल्या सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एक विचारा. त्यांच्या माहेरच्या देवळापुढे दीपमाळ होती का? आपल्या भागात जुन्या देवळापुढे पुष्कळदा दगडी दीपमाळ असते. खाली रुंद, वर निमुळती, अंगावर दिवे ठेवायला दगडी हात काढलेले. त्रिपुरी पौर्णिमेला ती पेटली की आजूबाजूच्या शिवारातून दिसायची. लहानपणी आमच्या गावची दीपमाळ मी बैलगाडीतून पाहिली आहे, परतीच्या वाटेवर, अंधारात. वडील म्हणाले, "ते बघ, आलंच गाव." दर्यावरच्या माणसाला दीपस्तंभ हेच सांगतो. आपण समुद्रापासून लांब राहिलो म्हणून अंधारात दिव्याची वाट बघणं आपल्याला परकं नाही. दौलताबादचा चांद मिनारही पाहा, १४४५ सालचा, चांगलाच उंच. उभ्या मनोऱ्याची ओढ मराठवाड्याला जुनीच आहे. जमलं तर दीपस्तंभाच्या चित्राखाली, जमिनीलगत, सासूबाईंच्या हातची एक पणती ठेवायला छोटा कोनाडा किंवा फळी करा. कॅनव्हासपासून दोन फूट तरी खाली, आणि तिथे पणती नुसती ठेवा, पेटवू नका. दोन्ही एकत्र दिसले की त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : जिन्यातल्या अरुंद भिंतीवर दोन वर्षांपूर्वी दीपस्तंभाचं कॅनव्हास लावलं होतं. मनोऱ्याचे लाल पट्टे आता फिके गुलाबी झालेत, समुद्र मात्र निळाच आहे. शिवाय पावसाळ्यात कापड मध्ये ढिलं पडून लोंबतं. काय करावं?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जिन्याला पश्चिमेची खिडकी आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी चित्रानेच सांगितलं. स्वस्त शाईतला लाल आणि पिवळा उन्हात आधी उडतो, निळा मागे राहतो. दुकानांच्या काचेवरची जुनी पोस्टरं निळी पडलेली असतात, ती याचमुळे. माझ्या स्वतःच्या घरी हे झालं आहे. बायकोने हौसेने आणलेलं जास्वंदीचं चित्र मी घाईत पश्चिमेच्या भिंतीला लावलं आणि दोन उन्हाळ्यांत जास्वंद राखाडी झाली. इतरांच्या भिंतींची काळजी घेणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, याची मला अजून रुखरुख आहे.

उडालेला रंग परत येत नाही. नवं छापून घ्या, पण पिगमेंट शाईत, म्हणजे उन्हात लवकर न उडणाऱ्या शाईत, आणि वरून उन्हाची किरणं अडवणारं वॉर्निश मारून. लावताना एप्रिलमधल्या दुपारी चार वाजता जिन्यात उभं राहा. ऊन भिंतीवर जिथपर्यंत चढतं तिथे खडूने रेघ मारा आणि चित्र रेघेच्या पलीकडे लावा.

लोंबण्याचं म्हणाल तर दमट हवेत कापड सैल होतं, कोरड्या हवेत ताणलं जातं. चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर त्या हलक्या हाताने ठोकून ताण वाढवता येतो. पण श्रावणात ठोकू नका. दसरा होऊ द्या, हवा कोरडी होऊ द्या. निम्मा ढिलेपणा आपोआप जातो, उरलेल्यापुरती पाचर ठोका. पावसाळ्यात ताणलेलं कापड उन्हाळ्यात कोपऱ्यांशी फाटायला येतं. पाचरी नसतील, नुसत्या पिना मारलेल्या असतील, तर फ्रेमवाल्याकडे नेऊन कापड नव्याने ताणून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : आंबेजोगाईत आमचं जुनं माळवदाचं घर आहे. दगड-मातीच्या भिंती, दोन फूट जाड. ढाळजेतून, म्हणजे दारालगतच्या ओसरीतून, आत येताना बोळ लागतो, तिथे नातवासाठी दीपस्तंभाचं उभं चित्र लावायचं आहे. खिळा ठोकला की माती गळते, ड्रिल मारलं तर भोकात बसवलेली गिट्टीच फिरते. मुलगा म्हणतो, सिमेंटचा गिलावा करून टाकू.
— एक आजोबा, आंबेजोगाई

उत्तर : आजोबा, एका चित्रासाठी त्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नका. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो, ओल आतच राहते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. अशी घरं पाहून मला वाईट वाटतं.

भिंतीला भोकच पाडू नका. वर सागवानी तुळई असेलच. तिला एक पितळी हुक लावा आणि तिथून दोन बारीक तारा सोडून चित्र टांगा. कॅनव्हासचं वजन दीड-दोन किलोच्या आतच असतं, तुळईला ते जाणवणारही नाही. तारा दिसतात म्हणून बिचकू नका. समुद्राच्या चित्राला त्या गलबताच्या दोरांसारख्या शोभतील. चित्राच्या मागे बुचाचे तुकडे लावायला मात्र विसरू नका, नाहीतर पांढऱ्या मातीची भुकटी कापडाला चिकटेल.

बोळात देवळी असेल तर याहून सोपा मार्ग आहे. ८ बाय १६ चं छोटं चित्र करून ते देवळीतच उभं ठेवा. नातवाला ते हातात घेऊनही बघता येईल. देवळीची उंची, रुंदी आणि खोली तिन्ही मोजून कळवा. जुन्या देवळ्या वर कमानीला अरुंद होतात, म्हणून रुंदी खाली आणि वर अशी दोन ठिकाणी घ्या.