माघातला पाक आणि श्रावणातली उपासमार

भोरच्या डोंगरपट्ट्यात आपल्या सातेरी, म्हणजे पाळीव देशी मधमाश्यांच्या, चार पेट्या आहेत, आणि हाती आलेल्या एका पत्रकात हिवाळ्याच्या अखेरीस दर दोन दिवसांनी प्रत्येक पेटीला अर्धा लिटर साखरेचा पाक द्यावा असे छापले आहे, तो द्यावा का, असे आपण विचारले आहे. ते वाचून मला माझेच पहिले वर्ष आठवले, कारण तसेच एक पत्रक मलाही एका कार्यालयातून मिळाले होते आणि मी ते अक्षरशः पाळले होते.

पाक कसा करायचा हे आपणांस ठाऊक असणार, म्हणून ते सोडून देतो. खरा घोटाळा महिन्याचा आहे. काश्मीर किंवा हिमाचलच्या उंच भागात माश्या थंडीत पोळ्यावर गोळा होऊन साठ्यावर जगतात. हिवाळा सरताना राणी अंडी वाढवते, बाहेर फूल नसते आणि नेमका तेव्हाच साठा संपतो, म्हणून तिथे तो सल्ला योग्य आहे. आपल्या सह्याद्रीत मात्र त्याच दिवसांत सावर, पांगारा, पळस आणि आंबा फुलतात, पाठोपाठ अंजनी, जांभूळ व हिरडा येतात. आपल्या माशीची उपासमार आषाढ-श्रावणात असते, आणि माझ्या पत्रकात पावसाळ्याचा उल्लेखच नव्हता.

माझ्याकडे तेव्हा सात पेट्या होत्या. माघात पाक दिल्यावर माश्या भराभर वाढल्या, पोळ्यांच्या कडेला राणीघरे, म्हणजे नवी राणी वाढवायची घरे, लोंबू लागली; ती थवा, म्हणजे राणीसह माश्यांचा जथा, पेटी सोडणार असल्याची खूण, पण मी ते यश समजून खूश झालो. मार्चमध्ये दोन थवे डोळ्यांदेखत निघून गेले. उन्हाळ्यात काढलेल्या मधात पाकाची साखरच अधिक होती, तो एका गिऱ्हाइकाने परत केला आणि त्याचे काही चुकले नाही. पुढे पावसाची झड लागली आणि पेट्या उघडायच्या नाहीत म्हणून मी स्वस्थ बसलो. श्रावणात उघडीप मिळताच झाकण काढले, तर माश्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या होत्या, नुसती पोटाची टोके बाहेर दिसत होती. अशा तीन पेट्या गेल्या. कार्यालयात विचारायला गेलो तेव्हा पत्रक बरोबरच आहे, तुमचीच निगा कमी पडली असेल, असे सांगून मला लेखी अर्ज करायला लावण्यात आला. त्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे.

म्हणून आत्ता पाक देऊ नये, आधी पाहावे. उन्ह तापल्यावर एक चौकट, म्हणजे पोळे बांधलेली लाकडी पट्ट्यांची चौकट, उचलावी. पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या घरांच्या) वर चार बोटे मधाची पट्टी असेल आणि येणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागाचे गोळे दिसत असतील, तर पेटी सुखात आहे. शरदातला मध अधाशीपणे काढल्यामुळे पट्टीच उरली नसेल, तरच द्यावा, तोही फुलोरा येईपर्यंत. २०० ग्रॅम साखर तितक्याच पाण्यात, आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, पेटीच्या आत आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. दुपारी दिला किंवा बाहेर सांडला, तर एका पेटीच्या माश्या दुसरीत शिरून लुटालूट सुरू होते आणि दुबळी पेटी आधी लुटली जाते. गूळ देऊ नये, माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो. जाता जाता, पेटी ज्यावर ठेवतो त्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, नाहीतर पाक मुंग्याच खातात.

माझा अनुभव घाटमाथ्यापुरता आहे. मराठवाडा-विदर्भात कडक उन्हाळ्याचे गणित वेगळे असते, तिथे माझे ऐकू नये. आपण साखरेचे पैसे मात्र आषाढासाठी राखून ठेवावेत, आणि सध्या प्रत्येक पेटीत किती चौकटींवर माश्या आहेत ते कळवावे, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.