अमेरिकेतून आणलेली डीव्हीडी सोलापुरात चालेल का?

तुमच्या बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या डिस्क इथल्या प्लेअरवर लागत नाहीत, त्या खराब आहेत म्हणून नव्हे. प्रत्येक डिस्कला आणि प्लेअरला जगातल्या एका भागाचा क्रमांक, म्हणजे रीजन, दिलेला असतो आणि दोन्ही जुळले तरच डिस्क लागते: भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. डिस्कच्या वेष्टनावर मागे छोट्या पृथ्वीगोलात हा आकडा छापलेला असतो, तो आधी बघा. गोलात 'ऑल' लिहिलं असेल तर ती डिस्क कुठल्याही रीजनच्या प्लेअरवर लागते.

नवा प्लेअर घेताना नवी पेठेत दुकानदाराला 'मल्टी-रीजन, म्हणजे सगळ्या रीजनच्या डिस्क लावणारा, आहे का' एवढं विचारून थांबू नका. तीच अमेरिकन डिस्क सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण खोक्यावरच्या शब्दावर विसंबून मी एकदा फसलोय. चित्र रंगीत दिसतंय ना, हेही पाहा: टीव्हीवर चित्र दाखवण्याची अमेरिकेची पद्धत एनटीएससी, आपली पाल. जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा सरकत राहतं.

बहिणीला तिकडून प्लेअर मात्र आणायला सांगू नका. तो बहुधा फक्त ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर जळेल.

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, मग शेवटचाच कायम राहतो. तो प्रयोग जपून करा.