लायसन्स कंपनीचं, खर्चही कंपनीचाच

तुझ्या आईने माझ्या वहिनीकडून पत्ता घेतला आणि तू मेल केलास, बरं केलंस. भांडुपमधून कोणी इकडे यायचं म्हणतंय हे वाचून आनंद झाला, पण मेलचा शेवट वाचल्यावर रात्री झोप लागली नाही. ब्रिटनमधल्या लीड्सच्या एका छोट्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग कंपनीने तुला मुलाखतीत पसंत केलं, पण परदेशातून माणूस आणायचं लायसन्स त्यांच्याकडे नाही. आणि अंधेरीचा एजंट म्हणतोय, साडेचार लाख भरा, लायसन्स मी काढून देतो. भरू का, असं विचारलंयस.

भरू नकोस. एक रुपयाही नाही.

स्पॉन्सर लायसन्स कंपनी स्वतः काढते. ब्रिटनच्या होम ऑफिसकडे, म्हणजे तिथल्या गृहखात्याकडे, ती ऑनलाइन अर्ज करते आणि फीसुद्धा तीच भरते. मी २०२५ अखेरचे आकडे सांगते. छोट्या कंपनीला ५७४ पौंड, मोठीला १,५७९. छोटी म्हणजे साधारण पन्नासपर्यंत माणसं आणि उलाढालही मर्यादेत. लायसन्स मिळालं की तुझ्यासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप घ्यायचं, म्हणजे कंपनी तुला कामावर घेतेय याची होम ऑफिसकडची नोंद; सगळे त्याला सीओएस म्हणतात. त्याचे ५२५ पौंड. शिवाय इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस घेतल्याबद्दल कंपनीने सरकारला द्यायची रक्कम, छोट्या कंपनीला वर्षाला ४८०. तीन वर्षांचा हिशेब मांडला तर सगळं मिळून २,५३९ पौंड, म्हणजे आपले तीन लाखांच्या आसपास. एजंट मागतोय त्याहून कितीतरी कमी! स्किल्स चार्ज तर कामगाराकडून वसूल करणं आधीपासूनच नियमबाह्य आहे, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून स्किल्ड वर्कर, म्हणजे तुला लागणाऱ्या कुशल कामगाराच्या व्हिसाच्या बाबतीत लायसन्सची आणि सीओएसची फीही कंपनीला तुझ्या गळ्यात घालता येत नाही. घातली तर तिचंच लायसन्स जाऊ शकतं.

ते साडेचार लाख जमवलेयस ना, ते सांभाळून ठेव. २०२५ अखेर तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाची फी ७६९ पौंड होती आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम, वर्षाला १,०३५. कंपनी स्वतःहून देणार नसेल तर हे तुलाच एकदम भरायचं आहे आणि ते जवळपास तेवढंच होतं.

आता कंपनीने काय करायचं ते. मी २०२२ मध्ये आले तेव्हा माझ्या कंपनीकडेही लायसन्स नव्हतं, म्हणून यातला प्रत्येक टप्पा मी मुलुंडच्या घरात बसून जवळून पाहिलाय. अर्ज भरताना तीन भूमिकांसाठी माणसं नेमावी लागतात: ऑथरायझिंग ऑफिसर, म्हणजे सगळ्याला जबाबदार असणारा वरिष्ठ; होम ऑफिसशी बोलणारा की कॉन्टॅक्ट; आणि रोजची नोंद ठेवणारा लेव्हल वन यूझर. छोट्या कंपनीत तिन्ही भूमिका एकच जण करू शकतो. ऑनलाइन अर्ज दाखल झाल्यावर कागद पाठवायला फक्त पाच कामाचे दिवस मिळतात. बहुतेक कंपन्यांना किमान चार कागद द्यावे लागतात: बँकेचा पुरावा, व्हॅट नोंदणी, पगाराच्या करनोंदणीचे क्रमांक, जागेचा भाडेकरार, कर्मचाऱ्यांच्या विम्याचं प्रमाणपत्र, असे.

आमचं नेमकं त्या विम्यावर अडलं. मालक साइटवर होते, प्रमाणपत्र मुदतीत गेलं नाही आणि अर्ज परत आला. फी परत मिळाली, पण सगळं पहिल्यापासून करावं लागलं. निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात, जास्त पैसे भरून लवकरही करून घेता येतो. पण मी तोवर विक्रोळीच्या नोकरीचा राजीनामा देऊन बसले होते. साडेतीन महिने बिनपगारी गेले आणि घराचा हप्ता बाबांनी भरला. ते मला अजून लागतं. तू व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असला तरी. जॉइनिंगची तारीख पुढे घे, कंपनी समजून घेते.

अधिकारी कंपनीत येऊन पाहणीही करू शकतात. काम खरं आहे का, त्या कामाला खरंच माणूस लागतोय का, परदेशी कामगारांची नोंद ठेवायची सोय आहे का, हे बघतात. पुढे तू कामावर आलाच नाहीस, किंवा न सांगता सलग दहा कामाच्या दिवसांहून जास्त गैरहजर राहिलास, तर कंपनीला ते कळवावं लागतं. छोट्या मालकांना या जबाबदारीचीच धास्ती असते, पैशांची तेवढी नाही. त्यांना हेही सांग की पूर्वी लायसन्स दर चार वर्षांनी नव्याने काढावं लागायचं, एप्रिल २०२४ पासून ती कटकट गेली.

एजंटने ‘दुसऱ्या कंपनीकडे एक सीओएस शिल्लक आहे’ असंही म्हटलंय. असं काही नसतं. भारतातून येणाऱ्यासाठी ‘डिफाइंड’ सीओएस लागतं आणि ते ठरावीक कामासाठी, ठरावीक पगारासाठी मागून घेतात. त्याचा कागदही नसतो, फक्त एक क्रमांक असतो. तो मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा. कोणी दुसऱ्या कंपनीचं नाव पुढे केलं तर होम ऑफिसची लायसन्सधारकांची यादी इंटरनेटवर खुली आहे, त्यात बघ. नुसतं नाव नको, पुढे ‘स्किल्ड वर्कर’ लिहिलंय का आणि रेटिंग ‘ए’ आहे का ते बघ. तरीही खऱ्या कंपनीच्या नावाने खोटी ऑफर येऊ शकते, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री कर. इकडची नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडे भारत सरकारची नोंदणी हवी, ती ईमायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही.

पगाराचं नीट विचारून घे. जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड झाला. पण अर्जाच्या दिवशी वय २६ पेक्षा कमी असेल तर ३३,४०० किंवा तुझ्या कामासाठी सरकारने ठरवलेल्या पगाराचे ७० टक्के, यातलं जे जास्त ते चालतं. तू पंचविसाचा आहेस. पुढचा वाढदिवस कधी ते मला कळव, लायसन्सला दोन-तीन महिने गेले तर याच एका तारखेवर छोट्या कंपनीला तू परवडशील की नाही हे ठरेल.

कळिनाला विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आत्ताच करून टाक, इंग्रजीतून पदवी घेतल्याचा पुरावा लागेल. टीबीची तपासणी शेवटी, मान्यताप्राप्त केंद्रातच. आणि लीड्सच्या मॅनेजरना जो मेल लिहिशील, त्याचा मसुदा आधी मला पाठव. विम्याचं प्रमाणपत्र पहिल्या ओळीत घालू.