मोडलं म्हणजे नेमकं काय मोडलं?

खुर्चीत बसण्याआधीच तिने कापडी पिशवीतून वजनकाटा काढला आणि माझ्या आहारसल्ल्याच्या खोलीत फरशीवर ठेवला. घरगुती, काचेचा, कोपऱ्यावर पावडरचा पांढरा ठसा. "मॅडम, काटा बिघडलेला नाही. शेजारणीकडेही उभी राहून आले. बाराशे ग्रॅम! एका रात्रीत!"

ही बाई गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका गावातली. वय ४१, पतसंस्थेत काउंटरवर बसते. तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक होतं. पूर्वी अशा नाटकांना बाहेरून नटी आणायची पद्धत होती, आता गावातल्याच बायका उभ्या राहतात. यंदाच्या ऐतिहासिक नाटकात राणीचं काम हिच्याकडे आलं. पहिल्या तालमीला कोणीतरी हसत हसत म्हणालं, "राणीला सिंहासन रुंद लागेल हां." त्याच रात्री तिने फोनवर फिरत आलेला एक डाएट चार्ट उतरवून घेतला. भात बंद, पाव बंद, साखर बंद, संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. गोव्यातल्या घरात भात बंद करणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. कडी वाढायची आणि शितं नाहीत!

तिने वही आणली होती. पहिल्या पानावर ७४.६. मग रोजचा आकडा निळ्या पेनाने, उतरत उतरत चोविसाव्या दिवशी ७०.८. त्या रात्री तालीम साडेअकराला संपली, सगळे खाण्याच्या गाड्यावर गेले आणि हिनेही रोस ऑम्लेट खाल्लं. दोन अंड्यांचं ऑम्लेट, वर शागुतीचा, म्हणजे खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा, गरम रोस (रस्सा), कांदा, लिंबू, सोबत दोन पाव. सकाळी काटा ७२.०. हा आकडा लाल पेनाने, आणि खाली तीन वेळा रेघ मारून, 'डाएट मोडलं.'

त्यापुढची दोन पानं कोरी होती. खरं सांगते, मला त्या लाल आकड्यापेक्षा ती कोरी पानंच जास्त खटकली. पण लगेच विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाला आधी आकड्याचा उलगडा हवा असतो.

माझ्या टेबलावर पाण्याची एक लिटरची बाटली असते. तिला काट्यावर उभं राहायला सांगितलं, आकडा वाचला, आणि मग अर्धी बाटली प्यायला लावली. पुन्हा उभी राहिली. अर्धा किलो वाढलं. "आता सांगा, या दोन मिनिटांत चरबी किती चढली?" ती हसली, पण लगेच म्हणाली, "हे पाणी आहे मॅडम. ते ऑम्लेट होतं."

मग ऑम्लेटचाच हिशेब मांडला. शरीरावर एक किलो चरबी चढायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त जाव्या लागतात. बाराशे ग्रॅमला नऊ हजारांच्या वर. तिची प्लेट रोस-पावासकट सहाशेची धरली, तरी एका बैठकीत पंधरा प्लेटी व्हायला हव्यात. गाडेवाल्याने पोलीस बोलावले असते.

मग काट्यावर काय वाढलं? पहिलं म्हणजे ते जेवणच. प्लेटभर खाणं आणि वर दोन पेले पाणी, हे सगळं मिळून पाऊण किलोच्या आसपास सहज जातं. एरवी ती सातला जेवून सकाळी साडेसहाला काट्यावर उभी राहायची. त्या दिवशी मध्ये जेमतेम सात तास गेले होते. खाल्लेलं-प्यायलेलं शरीराबाहेर पडायला पुरेसा वेळच मिळाला नव्हता.

दुसरं, मीठ. रोसात मीठ असतं, पावातही असतं. दवाखान्यात लावतात त्या सलाईनमध्ये एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ असतं, आणि आपल्या रक्तातलं प्रमाणही त्याच बेताचं. म्हणजे तीन ग्रॅम मीठ जादा गेलं, तर ते बाहेर टाकलं जाईपर्यंत शरीर सुमारे तीनशे मिली पाणी धरून ठेवू शकतं. एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं ते काढून टाकतात.

तिसरी गोष्ट ऐकताना ती जरा हिरमुसली, पण सांगणं भाग होतं. पिठूळ अन्नातली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. भात-पाव बंद केले की हे कोठार पहिल्या काही दिवसांत बरंचसं रिकामं होतं आणि पाणीही जातं. तिच्या वहीत पहिल्याच आठवड्यात २.४ किलो उतरले होते. त्यातला बराच भाग या पाण्याचा. पाव खाल्ले, कोठारात थोडी भर पडली, पाणी परत आलं. "म्हणजे ते उतरलेलं वजनही खरं नव्हतं?" "काही खरं, काही पाणी. वाढलेलंही तसंच." शिवाय तिची पाळी चार दिवसांवर आली होती. त्या दिवसांत अनेक बायकांचं अंग पाणी धरतं, मग ऑम्लेट खा नाहीतर उपाशी झोपा.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. पाय सुजले, धाप लागते, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंवर चढलं आणि उतरत नाही, किंवा आधीच हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा आजार आहे, तर हे गणित मांडत बसू नका, डॉक्टर गाठा.

मग मी कोऱ्या पानांवर बोट ठेवलं.

ती बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिली. त्या सकाळी तिने नाश्ता केला नाही. दुपारचा डबा सहकारी बाईला देऊन टाकला. दिवसभर मीठ घातलेलं लिंबूपाणी. (मीठ! पाणी अडवणारी वस्तू ती औषध म्हणून पीत होती.) संध्याकाळी दीड तास चालली. आणि रात्री घर झोपल्यावर, दिवा न लावता स्वयंपाकघरात उभ्याने, शेजारच्या गावच्या जत्रेतून आणलेली गुळाच्या खाज्यांची पाव किलोची पुडी संपवली. "सासूबाई जाग्या होतील म्हणून कागदाचा आवाज होऊ दिला नाही. गुळाचे दात घासायलाही बेसिनकडे गेले नाही, नळ वाजतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसा उपाशी, रात्री फरसाण.

मी तिला विचारलं, "रोस ऑम्लेट खाताना कसं वाटलं होतं?"

"छान. सगळे हसत होते. नाटकातल्या प्रधानाला संवाद आठवत नव्हते त्यावरून."

"आणि खाजं?"

"चव कळलीच नाही."

माझ्या मते सगळी गोम इथे होती. ऑम्लेटने तिचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते सकाळच्या आकड्याने, आणि आकड्यापेक्षा तिच्या त्या एका क्रियापदाने. 'मोडलं.' आपल्याकडे मोडतो तो उपास. एकादशीला चुकून भाताचं शीत तोंडात गेलं की उपास मोडला, मग उरलेला दिवस जेवलं काय आणि न जेवलं काय. ती लहानपणापासूनची सवय आपण डाएटला आणून चिकटवतो. मोडलंच आहे तर आज खाऊन घेऊ, सोमवारपासून नव्याने. हा प्रकार काही आपलाच नाही. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं. एरवी जेवणावर ताबा ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. त्यांनी जास्त खाल्लं.

तिच्याशी पुढच्या दोन भेटींत ठरवलं ते थोडकंच. कठीण एकच होतं. रात्री उशिरा खाल्लं तरी दुसऱ्या सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. तिला वाटलं मी गंमत करते आहे. पण भरल्या पोटी रात्री खाज्याच्या पुडीकडे हात जाणं सोपं नसतं. भात परत ताटात आला, एक वाटी, कडीसकट. तालमीच्या दिवशी संध्याकाळीच नीट जेवून निघायचं. गाड्यावर खावंसं वाटलं तर बसून खायचं, एक पाव, रोस कमी. उशिरा खाणं रोजचं होऊ नये हे खरंच, झोप आणि पित्त दोन्ही बिघडतात. पण आठवड्यातून एकदा गेलेली प्लेट म्हणजे गुन्हा नव्हे.

काट्यावरून मात्र आमची घासाघीस झाली. मी म्हटलं पंधरा दिवस माळ्यावर टाका. ती तयार होईना. शेवटी तडजोड झाली. रोज एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी. आणि रोजच्या आकड्याला किंमत द्यायची नाही, सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडायची. पतसंस्थेतली बाई, सरासरी तिच्या हातचा मळ. तिच्याजागी दुसरी कोणी असती तर कदाचित मी काटा काढूनच घेतला असता. काहींना रोजचा आकडा मानवत नाही.

आणि तिने मुद्दाम उलटी काढली असती, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या असत्या, किंवा हे चोरून खाणं महिनोन्‌महिने चाललेलं असतं, तर मी माझ्या खोलीत एकटीने हे सांभाळलं नसतं. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवलं असतं. तोवर बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

ऑम्लेटनंतर चार दिवसांनी, पाळी सुरू होण्याच्या आसपास, तिचा आकडा अजून ७१.९ होता. तिने घाबरून फोन केला. मी म्हटलं, सरासरी रविवारी बघू. पुढच्या आठवड्यात ७०.७ झाला. पण तो सांगायला तिने फोन केला नाही, हे मला आवडलं.

जत्रा झाल्यावर ती शेवटची आली. काटा आणला नव्हता, वही होती. आता आकड्यांशेजारी बारीक अक्षरात शेरे पडले होते, 'पापड', 'झोप नाही', 'पाळी', 'आज काही नाही, तरी वाढलं'. नाटकाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आकडा होता ७१.६, निळ्याच पेनाने. शेजारी लिहिलं होतं, 'पहाटे तीनला सगळे गाड्यावर. प्रधानाने दोन प्लेटी खाल्ल्या.'